बंद नळीची ऊब

आमच्या इमारतीचा हीट पंप मी सांभाळतो. हिवाळ्यात जमिनीत खोल उतरलेल्या नळ्यांतून पाणी फिरतं, खालची ऊब वर आणतं. पंप ती वाढवून घराघरांतल्या फरशीखाली सोडतो. त्या नळ्यांसाठी बोअर मारले माझ्या थोरल्या भावाने. शेवटचा बोअर चालू असताना यंत्र कलंडलं आणि दादा त्याखाली सापडून गेला. इमारत उभी राहिल्यावर वहिनी मुलीला घेऊन तिथेच राहायला आल्या.

हिवाळा सरता सरता त्यांनी मला बोलावलं.

"भाऊजी, बूट काढून इथे उभे राहा."

खिडकीपाशी एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा चांगलीच गरम होती. बाकी फरशी गारठलेली.

"या खोलीची नळी मी कधीच बंद केलीय," वहिनी म्हणाल्या.

मी पाहिलं. व्हॉल्व्ह घट्ट बंद होता, नळी थंडगार.

"शेजारची नळी खालून गेली असेल."

"नळ्या तुम्हीच अंथरल्यात. मला कशाला थापा मारता?"

मी परत त्या गरम जागेवर जाऊन उभा राहिलो.

"जुन्या घरी जेवण झालं की हे असेच खिडकीपाशी भिंतीला टेकून बसायचे," त्या म्हणाल्या. "माझे गार पाय लागले की बोंब मारायचे. आता बघा, स्वतःच शेकून देतात."

आम्ही दोघंही हसलो आणि मग मला तिथे उभं राहवेना.

"वहिनी, उन्हाळ्यासाठी पंप उलटा फिरवायचाय. मग घरांतली उष्णता खाली जाईल. सांगत असाल तर लांबवतो. लोकांची बोलणी खाईन."

त्यांनी वाकून त्या जागेवरून हात फिरवला.

"नको. हिवाळाभर वरच पाठवत राहिले. त्यांच्याजवळ काय उरलं असेल?"

पंप फिरवताना त्या खाली पंपघरात आल्या. खाली जाणारी नळी कोणती ते विचारलं आणि तिच्यावर दोन्ही तळवे ठेवले. नळी हळूहळू कोमट झाली.

"चला, वहिनी."

"थांबा," त्या हळूच म्हणाल्या. "हात धरलाय."

मी दार लोटून बाहेर पायरीवर बसलो. आत त्या कुणाशी तरी बोलत होत्या, मुलीच्या अभ्यासाबद्दल. मध्ये थांबायच्या, ऐकल्यासारखं करून पुन्हा बोलायच्या.

बाहेर आल्या तेव्हा डोळे कोरडे होते. "शाळा सुटेल," म्हणून त्या निघून गेल्या.

हातमोजे घातल्याशिवाय त्या नळीला मी अजून हात लावत नाही.