खुर्चीमागची भिंत

"हा डाग आता जन्मात दिसणार नाही, मावशी," रंगारी म्हणाला आणि खुर्ची बाजूला सारून भिंत घासायला लागला.

बसलेल्या माणसाचे डोके टेकेल तेवढ्या उंचीवर, बशीएवढा, तेलकट पिवळा डाग होता. खुर्ची मावशींच्या यजमानांची. कामावरून आले की चपचपीत तेल लावलेले डोके भिंतीला टेकून ते रेडिओ ऐकत, आणि मावशी स्वयंपाकघरातून ओरडत, "भिंतीला तेल पाजू नका हो." संसारभर हे चालले. यजमान गेले, डाग राहिला.

घराला रंग द्यायचे मुलाने ठरवले. मुलगा गुणी होता. वडील गेल्यापासून आई गप्प गप्प असते, घर उजळले तर तिलाही बरे वाटेल, एवढाच त्याचा हेतू. "आधी तो डाग घालवा," त्याने रंगाऱ्याला बजावले होते. "आईनं आयुष्यभर त्याच्यापायी डोकं फोडून घेतलंय."

रंगाऱ्याला असली कामे आवडत. भिंती रंगवणारे पैशाला पासरी मिळतात, डाग घालवणारा विरळा. आपण हात लावलेला डाग पुन्हा वर आला नाही, हे तो येताजाता सांगे, आणि ते खरेही होते.

"असा कसा दिसणार नाही?" मावशींनी विचारले.

"आधी चपड्याचं, म्हणजे लाखेचं, अस्तर द्यायचं. तेल आतच कोंडतं. मग वरून रंग."

"आणि अस्तर नाही दिलं तर?"

"मग चार हात रंग चढवा, तेल काय ऐकतंय? सहा महिन्यांत हजर."

मावशींनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी आवाज खाली आणला. "मग नका देऊ."

"अहो, डाग परत येईल."

"तेच म्हणतेय."

"तसं असेल तर मुलाला सांगा की सरळ. ही भिंत सोडून देतो."

"कुठल्या तोंडानं सांगू? त्याच्यादेखत जन्मभर ह्यांना बोल लावले त्या डागावरून. पोरगं हौसेनं करतंय माझ्यासाठी. आता म्हणू, राहू दे?"

"आणि माझं नाव जाईल त्याचं काय? वरच्या मजल्यावरचे लोक हे काम बघूनच मला बोलावणार आहेत."

"तेही खरंच," मावशी म्हणाल्या. "तुमचं पोट आहे त्याच्यावर. द्या तुम्ही अस्तर." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

त्यांनी हट्ट धरला असता तर रंगाऱ्याने सरळ नाही म्हटले असते. भांडखोर गिऱ्हाइकांची त्याला सवय होती. हे असे मुकाट ऐकून घेणारे माणूस अवघड. त्याने चपड्याचा डबा उघडला, ब्रश बुडवला. नखांत कालचा रंग तसाच होता. रोज जेवायला बसताना त्याची बायको त्यावरून त्याला फैलावर घेई. आपण गेल्यावर ती कुणावर ओरडेल, हे त्याच्या मनात आजवर कधी आले नव्हते. त्याला एकदम वाईट वाटले. ब्रश पुसून त्याने डब्याचे झाकण लावले आणि सरळ रंग कालवायला घेतला.

संध्याकाळी मुलगा भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "गेला बघ आई, तुझा डाग."

"गेला बाई एकदाचा," मावशी म्हणाल्या.

यजमान हयातीत कुठे वेळेवर पोचल्याचे कुणाला आठवत नाही. डाग मात्र सहा महिन्यांच्या आतच आला. मुलाने रंगाऱ्याला बोलावून घेतले.

"काय हो, एवढं नाव ऐकून काम दिलं होतं. वरच्यांनी हे बघून दुसरा माणूस ठरवलाय. मी तरी त्यांना काय सांगणार?"

"अरे, त्यात त्यांचं काही..." मावशी बोलू लागल्या.

"माझीच चूक," रंगाऱ्याने त्यांना पुढे बोलू दिले नाही. "अस्तर द्यायचं राहून गेलं." हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता, आणि ते त्याला बोचले. "पुन्हा करून देतो."

"आता नको," मावशी म्हणाल्या. "परत घरभर तो पसारा कोण निस्तरणार? राहू दे. मला सवय आहे त्याची."

मुलाने आईकडे पाहिले, डागाकडे पाहिले, काहीतरी पुटपुटला आणि कामावर निघून गेला.

मावशींनी चहा आणला. कप देताना त्यांना रंगाऱ्याकडे बघवेना. "तुमचं काम गेलं माझ्यापायी."

"मिळेल दुसरं."

"बसा ना, उभे का?" खोलीत खुर्ची ती एकच होती. मावशी भिंतीकडे वळल्या आणि स्वयंपाकघरातून ओरडायच्या त्याच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नवा रंग दिलेला. वर्षभर तरी दम धरायचा होता."

रंगारी खुर्चीत बसला. चहा संपेपर्यंत त्याने पाठ ताठ ठेवली, डोके भिंतीला लागू दिले नाही.