ओल्या वाळूतली पावलं

प्रमोदिनीबाईंनी चपला काढून सुरूच्या बुंध्याशी ठेवल्या आणि उन्नतीच्या बुटांकडे बघत त्या हसल्या.

"काढ गं तूही. समुद्रावर येऊन बूट घालून कोण फिरतं?"

उन्नती खाली वाकली. नाडी सोडायला तिने इतका वेळ लावला की प्रमोदिनीबाईंच्या मुलाने, उमंगने, तेवढ्यात फोन काढून, बघून, परत खिशात ठेवला. डावा बूट सहज निघाला. उजव्या बुटात टाचेखाली जाड पट्टी बसवून घेतली होती. तो तिने मोज्यासकट झाडामागे सरकवला. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या वडिलांना, सदानंदांना, जानेवारीच्या सकाळी घाम फुटला होता.

आगाशीच्या या वाडीवाल्या मंडळींना सदानंदांच्या मनवेलपाड्याच्या फ्लॅटवर पोहे खायला यायचं नव्हतं. "मोकळ्या हवेत भेटू या की, भुईगावला. सुरूची बाग आहे, समुद्र आहे, थंडीत पक्षीही येतात. मुलं जरा बोलतील," असं मुलाच्या आईने, म्हणजे प्रमोदिनीबाईंनीच फोनवर सुचवलं होतं. सदानंदांना ते फार सुधारलेलं वाटलं. माणसं मोठ्या मनाची आहेत, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले होते. मुलीच्या चालण्याबद्दल कुणीतरी बाईंच्या कानावर घातलंय आणि खात्री करून घ्यायलाच हा समुद्र निवडलाय, हे त्यांच्या डोक्यात शिरलं ते बाईंनी चपला काढल्या तेव्हा.

उन्नतीची आई आली नव्हती. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून सदानंदांनीच तिला घरी बसवलं होतं. ती असती तर आल्या आल्या सांगून मोकळी झाली असती, की शाळेत असताना पोरीच्या पायावरून टेम्पोचं चाक गेलं, घोटा नीट बसला नाही, बुटात कळत नाही पण अनवाणी चालली की पाय ओढला जातो. यात लपवण्यासारखं काय होतं? पण आधीची स्थळं एवढं ऐकूनच परत फिरली होती आणि सदानंदांनी त्यातून नको तो धडा घेतला होता.

उमंगला मात्र सगळं माहीत होतं. उन्नतीनेच फोनवर सांगितलं होतं. "मग काय झालं? आपल्याला काय शर्यतीत धावायचंय?" असं तो म्हणाला होता आणि ती त्या वाक्यावर भाळली होती. हे लग्न व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं. इतकं वाटू द्यायला नको होतं, असंही आज सकाळपासून वाटत होतं.

"तुम्ही दोघं पुढे व्हा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पक्षी बघा जवळून. आम्ही येतो मागून सावकाश."

ओहोटी होती. वाळू गच्च, ओली, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी. उन्नतीचं डावं पाऊल टाचेसकट स्वच्छ उमटलं. उजव्याचा नुसता चवडा उमटला आणि त्याला लागून ओढलेली एक रेघ. प्रमोदिनीबाईंनी मान जराशी पुढे काढली.

तेवढ्यात सदानंद चालू लागले, बरोबर मुलीच्या मागून, तिच्याच पावलांवर पावलं टाकत. जिथे तिचा उजवा पाय पडला होता तिथे ते आपला पाय दाबायचे आणि फरपटत पुढे न्यायचे. चवडाही पुसला जायचा, रेघही. या माणसाने जन्मात कुणाला फसवलं नव्हतं, त्यामुळे फसवायचं कसं हेही त्याला धड ठाऊक नव्हतं. प्रमोदिनीबाई बाजूला सरकल्या की तेही सरकत. त्यांचे यजमान जगन्नाथराव केळीवर पडलेल्या रोगाबद्दल तळमळीने सांगत होते आणि सदानंद "हो ना, हो ना" म्हणत वाळू घासत होते.

पाण्याच्या कडेला कुरव पक्ष्यांचा थवा बसला होता. बरेचसे एका पायावर उभे होते.

"दुसरा पाय पोटात घेतात ते," उमंग म्हणाला. "ऊब मिळते. लंगडे नसतात काही..."

तो एकदम थांबला. मग मान वळवून त्याने आईला ऐकू गेलं का ते पाहिलं. उन्नतीकडे त्याने पाहिलं नाही, आणि हे तिला टोचलं.

"भाऊ," मागून प्रमोदिनीबाईंचा आवाज आला, "तुमच्या पायाला काय झालंय हो?"

सदानंद जागच्या जागी उभे राहिले.

"काही नाही. जुनंच आहे."

"पडला होतात का कुठे?"

पडलो म्हटलं की कधी, कुठे, कुठल्या डॉक्टरांकडे, हे सगळं आलं. सदानंदांनी चटकन तोंड मिटवणारं उत्तर शोधलं.

"छे हो. जन्मापासूनच आहे."

प्रमोदिनीबाईंनी यजमानांकडे पाहिलं. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर वाळूकडे पाहायची गरज त्यांना उरली नाही.

उन्नतीने उमंगकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं. तो पक्ष्यांचे फोटो काढत होता.

परतताना सगळे फाटकाजवळच्या नळावर पाय धुवायला थांबले. सदानंद पाय ओढत सगळ्यांच्या मागून येत होते. उन्नती पाण्याच्या टाकीआड बसून बूट चढवत होती.

"मुलीचं काही दिसलंच नाही," प्रमोदिनीबाई यजमानांना म्हणत होत्या. "बाप सारखा मध्ये. पण त्याचंच जन्माचं निघालं की नाही? उद्या नातवंडांत उतरलं म्हणजे? अपघात-बिपघात असता तर एक वेळ चाललं असतं. हे नको बाई."

"पोरगी बरी आहे पण," जगन्नाथराव म्हणाले.

"बरीच आहे. मी कुठे नाही म्हणतेय?"

उमंग नळाखाली पाय धरून उभा होता. एक वाक्य पुरलं असतं, तेही खरं. टाकीआडून उन्नती उभी राहिली आणि त्यांची नजरानजर झाली. त्याने नळ बंद केला.

"आई, निघू या. नंतर ट्रॅफिक लागेल."

गाडीत बसताना प्रमोदिनीबाईंनी उन्नतीच्या गालावरून हात फिरवला. "कळवतो हं," त्या म्हणाल्या. मग सदानंदांना म्हणाल्या, "भाऊ, पायाला जपा."

गाडी सुरूच्या रांगेतून निघाली. सदानंद हात जोडून उभे होते. त्यांचा चेहरा इतका फुलला होता की उन्नतीला त्याच्याकडे बघवेना.

"पायाला जपा म्हणाल्या! ओळख ना पाळख, तरी किती माया," ते म्हणाले. "त्यांना काही कळलं नाही ना गं?"

"नाही, बाबा."

"मी म्हटलं नव्हतं? जमतंय बघ हे."

ते रिक्षा थांब्याकडे निघाले, उजवा पाय ओढत. उन्नती त्यांच्या बाजूने चालू लागली. बुटात तिचं चालणं अगदी नीट होतं.

"बाबा," ती म्हणाली, "गेले ते. आता सरळ चाला."

"थांब गं," सदानंद हळूच म्हणाले. "गाडी अजून वळली नाही."

आणि त्यांनी पाय आणखी थोडा ओढला.