ठणठणीत वस्ती

आरोग्य खात्याच्या साहेबांना सगळे पाठीमागे टक्केसाहेब म्हणत. त्यांना माणूस दिसत नसे, टक्का तेवढा दिसे. त्या वर्षीच्या तक्त्यात खाणीजवळच्या वस्तीत रक्तदाबाचे रुग्ण सगळ्यांत कमी निघाले, तेव्हा ते भलतेच खूश झाले.

"ठणठणीत माणसं आहेत तिथली. त्या वस्तीची नर्स शहरात आणा, तिथे तिचं काय काम?"

"साहेब, हा आकडा दवाखान्यात आलेल्यांचा आहे," साथरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या. त्या कार्यालयात नवीन होत्या. "न आलेल्यांचं काय?"

"आलेच नाहीत ते आजारी कसे असतील?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. बाईंनी त्याच नर्सला सोबत घेतलं आणि अकरा दिवस वस्तीतल्या दर तिसऱ्या घराचं दार वाजवलं. चाळिशी ओलांडलेल्या दर दहा जणांपैकी चौघांचा रक्तदाब वाढलेला निघाला. बहुतेकांच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा पहिल्यांदाच लागत होता. एका घरात खडी फोडणारी बाई डाव्या अंगाने लुळी पडली होती. जाऊ तिला पेज भरवत होती.

"दवाखान्यात नेलं नाही?"

"डोकं ठणकायला लागलं तेव्हा दोनदा नेलं," जाऊ म्हणाली. "केसपेपरची खिडकी अकराला बंद. आमची पहिली बस पोचते साडेअकराला. आतला म्हणाला, उद्या लवकर या. उद्या काय आमच्यासाठी बस लवकर सुटणार होती, ताई? तिसऱ्या दिवशी हिचा हातच उचलेना."

बाईंनी ते शब्दन् शब्द अहवालात उतरवलं.

आरोग्य समितीच्या बैठकीत टक्केसाहेबांनी पानं चाळली. "तुम्ही मोजायला गेलात म्हणून रुग्ण वाढले," ते गंभीरपणे म्हणाले. शेजारच्या दोन अधिकाऱ्यांनी लगेच माना डोलावल्या. माना डोलावण्यात त्या दोघांचा हात धरणारं खात्यात कुणी नव्हतं.

समितीच्या अध्यक्षा निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "वस्तीची बस किती वाजता पोचते?"

साहेबांनी फाईल उलटसुलट केली. "सरासरी काढली तर..."

"सरासरी बसमध्ये कुणी बसतं का हो? वेळ सांगा."

बाई सोडून ती कुणालाच सांगता येईना. अध्यक्षांनी तिथल्या तिथे खिडकी चार वाजेपर्यंत उघडी ठेवायला लावली. नर्स वस्तीतच राहिली.

वर्षभरात वस्तीतून सहापट रुग्ण आले, गोळ्या घेऊ लागले. खडी फोडणारीचा हात मात्र गेला तो गेलाच. टक्केसाहेबांनी नव्या अहवालात लिहिलं, 'खिडकीची वेळ वाढवल्याने वस्तीचे आरोग्य खालावले.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग पान तसंच्या तसं अध्यक्षांकडे धाडलं. स्पष्टीकरण जोडायची गरज त्यांना वाटली नाही. मग त्यांनी तक्ता पुढे ओढला. धरणापलीकडच्या एका गावापुढे लिहिलं होतं: बाळंतपणातली गुंतागुंत, शून्य.

त्यांनी नर्सला फोन लावला. "सोमवारी मोकळ्या आहात का?"