संक्रांतीची निता, उसातली मी

भित्री म्हणजे मी. आमच्या तांड्यात कोणालाही विचारा, शेंबड्या पोरापासून नाईकापर्यंत सगळे एका सुरात हेच सांगतील. खो-खोत मला लिंबूटिंबू धरायचे. म्हणजे खेळायचं, पण बाद झाले तरी मोजायचं नाही. सातवीत गेले तरी मी लिंबूटिंबूच. आणि माझ्या काकाची निता, माझ्याच वर्गातली, ती वाघीण. एका ताटात जेवून एक वाघीण आणि एक ससा कसा झाला, याचं लोकांना फार नवल. मला राग यायचा, पण तो बाहेर काढायचीही भीती वाटायची.

यंदा भीतीला कारणही तसंच होतं. दिवाळी झाली की आमच्याकडचे सगळे ऊस तोडायला लांब जातात. आम्ही दोघी मागे राहायचो, शेजारच्या लखमा काकीच्या भाकरीवर. यंदा काकी लेकाकडे पुण्याला गेली. आता आम्हाला ठेवायचं कोणाकडे? दोघींनीही फडात जायचं आणि शाळा बुडवायची, असं घरात ठरलं. सुटायचा एकच रस्ता होता, वाशीमचं खो-खोच्या मुलींचं वसतिगृह. त्याची निवड मंगरूळपीरच्या मैदानावर होणार होती.

निता फडात कधी गेलीच नव्हती, म्हणून तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मी दुसरीत असताना आजारी पडले, तेव्हा याडी मला सोबत घेऊन गेली होती. आईला आम्ही याडी म्हणतो. रात्री आम्ही कोपीत, उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपडीत, झोपायचो. बाहेर उसात काहीतरी सळसळायचं आणि मोठी माणसं बोलता बोलता एकदम गप्प व्हायची. बिबट्या मी पाहिला नाही, पण ते गप्प होणं ऐकलंय. अजूनही वाऱ्यानं तूर हलली तरी मी घरात पळते.

मंगरूळपीरला जाताना एसटीत पुंजाजी गुरुजींनी सगळ्यांना दम भरला. "कोनी जन्मतारीख इचारली तं एक जून सांगा. दुसरं काई तोंडातून काढलं तं नाव कटते!"

आमच्या शाळेत सगळ्यांचा वाढदिवस एक जूनला असतो. पोरीचं नाव घालायला गेलेल्या आईला तारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून टाकून मोकळे. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते, नाहीतर प्रार्थनेच्या वेळी टाळ्या वाजवून हात दुखले असते.

मैदानावर गावोगावच्या पोरी आल्या होत्या. काहींच्या कमरेला माझं डोकं लागलं असतं. मी निताची ओढणी मुठीत धरली.

"काहून भेऊन राह्यली वं?" निता म्हणाली. "मी हाओ ना."

निवड करणाऱ्या राजमती मॅडम बारीकशा होत्या, पण आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, "सगळ्या एकाच सालच्या आहात, तर उंचीप्रमाणे नको. जन्माच्या महिन्याप्रमाणे उभ्या राहा. जानेवारीवाल्या इकडे, डिसेंबरवाल्या तिकडे."

झालं. निम्म्याहून जास्त पोरी मधोमध जूनमध्ये येऊन चेंगरल्या. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"कागदावरचं राहू द्या. तुमची आई काय सांगते?"

पोरी हसायला लागल्या. कोणी म्हणाली मी होळीची, कोणी पोळ्याची. रांग हलू लागली. निता तर हात वर करूनच पळाली. "मी संक्रांतीची! सगळ्यात पह्यली मी!"

मी जूनमध्येच उभी राहिले. मी निताच्याच सालच्या शेवटी, डिसेंबरात, फडावर जन्मले. याडीनं हे मला हजारदा सांगितलंय. पण गुरुजी डोळे वटारून बघत होते. नाव कटलं तर फडाचा ट्रक, ट्रक म्हणजे कोपी, कोपी म्हणजे ती सळसळ. आजूबाजूला उरलेल्या पोरी माझ्यापेक्षा वीतभर उंच होत्या. यांच्यात धावले तर मी पहिल्या फटक्यात बाद होणार, हेही मला कळत होतं. तरी पाय उचलेना.

"मॅडम, हे जूनची नाई!" रांगेच्या पार त्या टोकावरून निता ओरडली. "उसाच्या फडात झाली थे, डिसेंबरात!"

आणि ती एवढं बोलून थांबली नाही. धावत आली, माझा दंड धरून मला शेवटच्या टोकाला नेऊन उभं केलं आणि परत आपल्या जागेवर गेली. गुरुजी जमिनीकडे बघत राहिले. मॅडमनी फक्त मान हलवली. नाव काही कटलं नाही.

मग मॅडमनी सांगितलं, जवळजवळच्या महिन्यांचा एक गट, आणि प्रत्येक गटातून दोघीच घेणार. एकीनं पळायचं, दुसरीनं शिवायचं.

माझ्यासमोर आली ती माझ्याएवढीच पोरगी होती. तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर होते. खेळताना असं कधी झालंच नव्हतं. आजवर मी निताच्या हातापासून पळत आले होते. हात कुठून येणार ते तिच्या खांद्यावरून मला आधीच कळायचं, पण कळून उपयोग नसायचा, तो पोचायचाच. हिचा हात पोचेना. मी जीव मुठीत धरून पळत होते, आणि तरी कोणी मला शिवू शकत नव्हतं. दुसरी आली, तिसरी आली. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "बस कर गं, पोरी."

तिकडे निता पळत होती. तिच्या गटातल्या सगळ्या तिच्याएवढ्या, एकदोघी तिच्याहून दांडग्या. ती पहिल्यांदा बाद झाली तेव्हा हसली. दुसऱ्यांदा तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. तिसऱ्यांदा बाद झाल्यावर तिनं मला शोधलं. ती नजर मी ओळखते. आरशात रोज बघते.

"गुरुजी," मॅडम म्हणाल्या, "संक्रांतीची पोरगी उसातलीपेक्षा जवळजवळ वर्षानं मोठी. तुम्ही दोघींना एकत्र पळवलं, एकीला वाघीण केलं अन् दुसरीला भित्री."

यावर मला आनंद व्हायला हवा होता. माझं नाव पुकारलं, निताचं नाही, तेव्हा मला ढसाढसा रडू आलं.

परतीच्या एसटीत निता खिडकीशी बसली. मंगरूळपीर मागे पडल्यावर म्हणाली, "मी लिंबूटिंबू झाली काय वं आता?"

"नाई," मी म्हणाले.

दिवाळी झाली आणि मी वसतिगृहाला निघायच्या दिवशीच ट्रक आला. बोचकी चढली, कोंबड्या चढल्या, याडी चढली. निता खालीच उभी होती.

"रंजी, तिकडं कसं असते?"

सगळ्या जन्मात तिनं माझा सल्ला पहिल्यांदाच विचारला. मी सांगितलं. पाचटावर पाय ठेवायच्या आधी काडीनं हालवून पाह्यजो. अंधार पडल्यावर एकटी बाहेर जाऊ नोको. मोठे लोक एकदम चूप झाले तं याडीच्या मागं जाऊन बसजो, काहून म्हणून इचारू नोको. ती एकेक गोष्ट ओठांतल्या ओठांत म्हणत ऐकत होती. बाकी सगळ्यात ती माझ्याहून मोठी. भीतीत मात्र मी मोठी होते.

"तुले भेव नाई वाटनार का, एकटीले?" तिनं विचारलं.

"वाटीन ना."

"मलेबी," ती म्हणाली आणि वर चढली.

मैदानावर तीच मला ओढत नेऊन डिसेंबरच्या टोकाला उभी करून आली होती. ती गप्प राहिली असती, तर आज याच ट्रकात आम्ही दोघी असतो. हे मी तिला सांगणार होते, पण तेवढ्यात ट्रक सुरू झाला. मी हात हलवला. निताला हलवता आला नाही. तिनं दोन्ही हातांनी फाळका घट्ट धरला होता.