टाकीची मागची बाजू

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं नाटकांचे सेट उभारले. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात हे खरं, पण माशांची टाकी मांडायला घेतली ती हौस म्हणून नव्हे. वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, कंबर मोडून आमच्याकडे आल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. ना बोलणं, ना धड खाणं. आईच्या माघारी ह्यांना वाढवलं ते वन्संनी. त्यांना असं विझताना ह्यांना बघवेना.

हॉल आणि वन्संची खोली यांच्यामधल्या खिडकीत टाकी बसली. हॉलमध्ये स्टूल टाकून हे पंधरा दिवस तिच्यापुढे ठाण मांडून होते. काळ्या दगडांचा डोंगर, वाळक्या मुळाचं झाड, त्यावर दोऱ्यानं बांधलेलं शेवाळ, बारीक वाळूची पायवाट.

"पंखा दोन महिने कुरकुरतोय तो ऐकू येत नाही," मी म्हटलं, "आणि इथे खडा अर्धा इंच सरकला तर झोप उडते!"

ऐकतंय कोण! पण वन्संनी कूस बदलली. टाकीकडे बघत चार घास जास्त खाऊ लागल्या. "छान केलंयस रे," म्हणायच्या, की ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

महिन्याभरानं चादर बदलताना मी त्यांच्या उशाशी टेकले, समोर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. फिल्टरची नळी, हीटरची वायर, दगडांना लावलेले प्लास्टिकचे टेकू, दोऱ्याच्या गाठी. प्रेक्षक समोरच बसतात, सेटच्या मागे कोण बघतंय! जन्माची सवय.

"अहो, इकडे या आधी!"

हे आले, वाकून बघितलं आणि मटकन खाली बसले. "ताई, महिनाभर हे बघत होतीस? बोलली का नाहीस? आजच सगळं उपसतो."

"खबरदार हात लावशील तर!" पडल्यापासून वन्संचा इतका खणखणीत आवाज आम्ही ऐकला नव्हता. "रोज सकाळी तू पलीकडे कात्री घेऊन बसतोस. दगडांच्या वरून मला तुझं तोंड दिसतं. जीभ बाहेर काढून शेवाळ कातरतोस, लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवायचास तसा. तेवढ्यासाठी तर मी इकडे वळले."

हे उठले, हॉलमध्ये जाऊन स्टूलवर बसले आणि काल कातरलेलंच शेवाळ पुन्हा कातरू लागले.