भट्टीमागच्या अळंब्या

बाबा तिला चिमणी म्हणायचे. कारखान्याला एक चिमणी आणि आपल्या घरात एक, हा त्यांचा ठरलेला विनोद. आता ती त्रेचाळीस वर्षांची होती, अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत दोन सहायक तिच्या हाताखाली होते, तरी फोन उचलला की पलीकडून चिमणीच.

बाबांनी उभा जन्म काढला तो शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात, भट्टीवर. कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली होती. त्यामागचं जंगल मात्र होतं तसंच होतं. ती लहान असताना पाऊस उघडला की सुट्टीच्या सकाळी तिघं तिथे अळंब्या वेचायला जात. आई झपझप पुढे, बाबा मागे आणि मध्ये ती, टोपली सांभाळत. अळंबी उपटायची नाही, देठाशी चाकूने कापायची, हे बाबा दरवेळी नव्याने सांगत. घरी आई त्या लोण्यात परतायला घ्यायची आणि ताटं मांडून होईपर्यंत अर्धी कढई बोटांनीच फस्त व्हायची. आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी बाबांनी वेचणं सोडलं नव्हतं. मोसमातली पहिली पिशवी लेकीच्या टेबलावर यायची म्हणजे यायचीच.

त्या वर्षी पिशवी आली त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत धातू मोजायचं नवं यंत्र बसलं होतं. चाचणीला काहीतरी हवं म्हणून तिने मूठभर अळंब्या वाळवल्या, कुटल्या, आम्लात विरघळवल्या. आकडा पाहून तिला वाटलं, यंत्रच नीट लागलेलं नाही. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. कॅडमियम मर्यादेच्या नऊ पट, शिसंही भरपूर.

संध्याकाळी ती गेली तेव्हा बाबा गॅसवर अळंब्यांची कढई चढवून उभे होते. तिने गॅस बंद केला, आकड्यांचा कागद त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. धुरातून जे मातीत उतरलं ते अजून तिथेच आहे, अळंबी ते शोषून साठवते, धुऊन किंवा शिजवून ते जात नाही, आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं की किडन्या पोखरतं.

बाबा स्टुलावर बसले. हातातला कोरडा चमचा पुसत राहिले.

"तुझ्या आईच्या किडन्या यानेच गेल्या का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "माहीत नाही, बाबा. असेलही, नसेलही. आता कुणालाच सांगता येणार नाही."

"मीच न्यायचो तिला."

"तुम्ही कुठे न्यायचात? तीच तर आपल्या दोघांना ओढत न्यायची."

बाबांच्या ओठांवर हसू आलं, पण डोळे भरले होते. कढईतलं त्यांनी स्वतःच टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी ते फोन उचलेनात. ती जंगलाकडे धावली. पायवाटेच्या तोंडाशी घडीची खुर्ची टाकून बाबा बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिने दिलेला कागद दाखवत होते. भट्टीवरचा जुना मुकादम त्यांना हसला. चाळीस वर्षं खातोय, काय झालं मला, म्हणाला. बाबांनी वाद घातला नाही. मुकादम तावातावाने आत गेला आणि थोड्या वेळाने रिकामी टोपली घेऊन परत आला. घरात नात आहे, एवढंच पुटपुटला.

तिने अहवाल वर पाठवला. माती तपासायला माणसं आली, बाबांच्या रक्ताचीही तपासणी झाली. शिसं निघालं, पण डॉक्टर म्हणाले, आता खाणं थांबवलंत तर उतरेल. सरकारी फलक लागायला मात्र पुढचा मोसम उजाडला.

तोवर बाबांच्या खुर्चीशेजारी मुकादमाची खुर्ची आली होती, मग आणखी दोघा भट्टीवाल्यांच्या. सकाळी ती चहाचा थर्मास घेऊन गेली की चौघांची तीच चर्चा रंगलेली असे: कुणाला कोणत्या साली, कोणत्या झाडाखाली केवढी अळंबी सापडली होती. पहिल्या दिवशी ती बशीएवढी होती. महिनाअखेरीस मुकादमाची अळंबी परातीएवढी झाली, आणि बाबा गंभीरपणे मान डोलावून म्हणाले, "होती. मी बघितलीय."