धोंड्याच्या लाडवांचं गिऱ्हाईक

जावयाला वाघ दाखवला की सोन्याची अंगठी वाचते, असा हरिदासभाऊंचा हिशेब होता. अधिक महिना होता. वरोऱ्यात धोंड्याचं जेवण उरकलं, तरी अंगठी काही निघाली नाही. उलट सासरेच जावयाला, धनराजला, नागभीडला सोडायला गाडी काढून निघाले. मुद्दाम जंगलातल्या आडरस्त्यानं.

"सफारीचे पैसे कायले भरायचे? वाघ का तिकीट पाहून येते?"

"तुमचा हिशेब समजला त्याले, म्हणून तर तो येऊन नाई राह्यला, बाबा," मागून लेक रुपाली म्हणाली. तिच्या मांडीवर शेजारी बसलेल्या आईनं, वच्छलाबाईंनी, दिलेला लाडवांचा डबा होता.

एका वळणावर झुडपातून काहीतरी हललं. हरिदासभाऊंनी ब्रेक दाबला.

"पाहा जावईबापू, वाघ!"

"मामाजी, पाय मोजा. दोनच हायेत."

शहामृगासारखा एमू होता तो. त्याच्यामागं हाका मारत एक बाई धावत आली. अंजनाबाई. लोकांनी हौसेनं आणलेले आणि मग सोडून दिलेले परदेशी प्राणी तिथंच कुंपणात त्या सांभाळत. तिकीट नव्हतं, फाटकाशी दानपेटी होती. हरिदासभाऊंचा हात खिशात गेला आणि तसाच परत आला.

बाकीचे मोठा निळा पोपट पाहायला गेले. हरिदासभाऊ मात्र गाडीतला डबा घेऊन एमूंच्या जाळीशी गेले. अन्नदानासारखं दान नाही, आणि हे अन्न तर जावयाचं.

"लाडू कुठी गेले?" परत आल्यावर वच्छलाबाईंनी विचारलं.

"पाखरायनं खाल्ले. झालं आपलं दान."

वच्छलाबाईंनी रिकामा डबा उलटा करून झटकून पाहिला. अधिक महिन्यात दान गुप्त करावं म्हणतात. नवऱ्याचा हात ओळखून असल्यामुळं त्यांनी भिशीच्या पैशांतून अंगठी घेतली होती आणि एका लाडवात दडवली होती.

"कोणत्या पाखरानं खाल्ला तो?"

"सारे सारखेच दिसून राह्यले होते."

अंजनाबाई भडकल्या. "बाहेरचं खाऊ घालू नका, असा बोर्ड हाय. वाचला नाई काय, भाऊ?"

"वाचला. पण त्याच्यात लाडू लिहिला नव्हता."

"हे पाखरू खडे पोटात धरून ठेवते. निघाली तर घाणीतून निघन अंगठी. रोज पाहा लागन. माह्याकडं माणूस नाई."

"राहू द्या, मामाजी," धनराज म्हणाला.

"मोठं मन हाय तुमचं, जावईबापू!"

"त्यायचं असन. माहं नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "हुडका, नाईतर नवी घ्या."

हरिदासभाऊंनी मनात दोन्ही भाव लावून पाहिले आणि खराटा उचलला. गाडी जावयानं नेली.

भाऊ अजून तिथंच पिंजरे झाडतात, अंजनाबाईंच्या हातचं जेवतात. अंगठी निघालेली नाही. आजवरचा खर्च असा: सोनं वच्छलाबाईंचं, परतीचं डिझेल जावयाचं, दोन वेळचा भात अंजनाबाईंचा. हरिदासभाऊंचा म्हणाल तर खराटा झिजला, पण तोही अंजनाबाईंचाच.